वर्गाची भिंत आणि मुलांचे प्रकल्प

शाळातपासणीची तारीख कळली की वर्गात सर्वांत आधी सजते ती भिंत. रंगीत तक्ते, पताका, सुविचार, फळाफुलांची चित्रे, थोर पुरुषांच्या तसबिरी यांनी ती भरून जाते. यामागील शिक्षकांची तळमळ खरी असते. पुष्कळदा खर्चही त्यांच्याच पदरचा असतो. परंतु ही भिंत कोणासाठी आहे, आणि तीवरून पहिली-दुसरीतील मूल काय शिकते, हे प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

सजावटीचा अवधानावर परिणाम

लहान मुलाचे अवधान चंचल असते, हे शिक्षकांना सांगावयास नको. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांना दोन आठवड्यांत सहा लहान पाठ दिले. काही पाठांच्या वेळी खोलीच्या भिंती चित्रे व तक्ते यांनी भरलेल्या होत्या, तर काहींच्या वेळी त्या जवळजवळ मोकळ्या होत्या. सजलेल्या खोलीत मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठाबाहेर राहिले, तर मोकळ्या खोलीत सुमारे २८ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ व ५५ टक्के आली.

हा प्रयोग लहान होता आणि परदेशातील होता. तेव्हा त्यावरून सर्व तक्ते उतरवून टाकावेत, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु अधिक सजावट म्हणजे अधिक शिक्षण, हे गृहीत धरता येत नाही, इतके त्यावरून निश्चित दिसते. बाजारातून आणलेला तक्ता पहिल्या दिवशी नवा असतो. महिन्याने मुलांना तो दिसेनासा होतो. जे भिंतीवर नित्य आहे, पण ज्याच्याशी मुलाचा काही व्यवहार नाही, ते असून नसल्यासारखेच होय.

प्रकल्प म्हणजे काय?

किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९१८ साली प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. मुलाने मनापासून, हेतू धरून केलेले काम, हा तिचा गाभा होय. आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. पण पुढे पुष्कळ ठिकाणी 'प्रकल्प' म्हणजे पालकांनी करून दिलेली थर्माकोलची प्रतिकृती, असा अर्थ रूढ झाला. ज्यात मुलाचा प्रश्न नाही आणि मुलाचा हात नाही, त्याला प्रकल्प कसे म्हणावे?

एक उदाहरण : सुगरणीचे घरटे

पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबू लागतात. मुलांना दुरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ती पाहू द्यावीत. परत आल्यावर दोनच प्रश्न विचारावेत : 'आपल्याला काय ठाऊक आहे?' आणि 'काय शोधून काढावयाचे आहे?' मुले बोलतील ते त्यांच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावावे. प्रकल्पाचा हा पहिला तक्ता.

आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ निरीक्षण होऊ द्यावे. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे घरटे मादी विणते, असे बहुतेक मुले प्रारंभी सांगतील. परंतु त्या दिवसांत पिवळ्या डोक्याचा पक्षी चोचीत पात्याचा लांब धागा घेऊन विणताना दिसतो. तो नर होय. मादी चिमणीसारखी तपकिरी असते. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पारखते. तिने पसंत केले तर पुढचे काम पुरे होते. अर्धवट घरटी का लोंबतात, याचा उलगडा मुलांना येथे होतो. पहिल्या तक्त्यावरील वाक्य पुसू नये. त्याशेजारी नवे वाक्य तारखेसह लावावे. आपले मत निरीक्षणाने बदलते, हे मुलाला भिंतीवर दिसणे, हा या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा पाठ होय.

वाऱ्याने खाली पडलेले रिकामे घरटे मिळाल्यास ते वर्गात आणावे. झाडावरचे मात्र कधीही काढू नये. धागे सोडवून दहा-दहांच्या जुड्या बांधल्या की गणित झाले. घरट्याच्या भागांना गावात काय म्हणतात, हे आजोबांना विचारून आले की भाषा झाली. तीच वीण गवताने करून पाहिली की हस्तव्यवसाय झाला, आणि पक्ष्याच्या चोचीविषयीचा आदर आपोआप आला.

भिंतीविषयी काही सूचना

१. फळ्याभोवतालची भिंत शक्यतो मोकळी ठेवावी. मुलांचे काम बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावे.

२. खिळे नसल्यास सुतळी बांधून चिमट्यांनी कागद लावावेत. पाठकोरा कागदही चालतो.

३. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव, तारीख आणि त्याने सांगितलेले वाक्य लिहावे. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत हे काम तिसरी-चौथीच्या मुलांवर सोपवावे. त्यांचेही लेखन सुधारते.

४. निवडक चारच चित्रे लावून बाकीची बाजूस ठेवू नयेत. ज्याचे चित्र कधीच लागत नाही, ते मूल त्या भिंतीवरून एकच गोष्ट शिकते.

५. प्रकल्प संपला की पालकांना बोलावून मुलांकडूनच भिंत वाचून घ्यावी. नंतर कागद उतरवून दोऱ्याने शिवावेत. वर्गाच्या वाचनपेटीत एका पुस्तकाची भर पडते आणि भिंत पुढील प्रश्नासाठी मोकळी होते.

तपासणी व अभ्यासक्रम

अशी भिंत तपासणीच्या वेळी फिकी दिसेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु तारखांसह लावलेली मुलांची वाक्ये हाच अध्ययनाचा सर्वांत बोलका पुरावा असतो. अभ्यासक्रम मागे पडण्याचेही कारण नाही. वरील एकाच उदाहरणात भाषा, गणित व परिसर हे तिन्ही विषय आले. वर्षातून असे दोन प्रकल्प नीट झाले तरी पुरेत.

ग्रामीण शाळेजवळ पैसा थोडा असेल. परंतु बाभूळ, ओढा, शेत, कुंभाराचे चाक आणि आठवड्याचा बाजार हे साहित्य तिच्या दाराशीच आहे. त्यातील एखादी वस्तू निवडावी, मुलांचा पहिला प्रश्न ऐकावा आणि तो त्यांच्याच शब्दांत भिंतीवर लावावा. पुढची वाट मुलेच दाखवतील.