रेल्वेला पास कोण करतं?

प्रश्न : नगर–आष्टी मार्ग सुरक्षित असल्याचं रेल्वेनंच ठरवलं का? – एक वाचक, हिवरे बाजार

उत्तर : नाही. रेल्वे कायदा, १९८९ नुसार नव्या मार्गावर प्रवासी गाडी सोडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी सक्तीची आहे. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात! १९४१ मध्ये ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून मुद्दाम वेगळी काढली, हे फार बरं झालं. आयुक्त मोटार ट्रॉलीतून फिरून रूळ, पूल, सिग्नल, फाटकं तपासतात. वेगाची चाचणी होते, त्रुटी निघाल्या तर अटी लागतात. नगर–आष्टीचा ६६ किलोमीटरचा मार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. त्यानंतरची रोजची देखभाल मात्र रेल्वेच्याच गँगमनच्या हाती असते.