एकलव्याच्या वाटेने एक वर्ष

‘धनुर्विद्या शिकायला शिकवणी कशाला लावायची? एकलव्याने कुठे लावली होती?’ हा प्रश्न आमच्या कँटीनमध्ये मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदाच लेखी देऊन मोकळे व्हावे म्हणून हा लेखप्रपंच. दुसरे कारण असे की, प्रथम वर्षाला असताना मी स्वतःलाच हा प्रश्न विचारला होता आणि ‘नकोच’ असे उत्तर देऊन टाकले होते.

प्रथम एकलव्याचे पाहू. द्रोणांनी नाकारले, त्याने मातीचा गुरू केला, आणि भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारण्याइतका तो तयार झाला. आदिपर्वातील ही कथा शाळेपासून आपल्या कानांवर आहे. परंतु तो निषादराज हिरण्यधनूचा मुलगा होता, हे आपण विसरतो. ज्याच्या बापाच्या नावातच धनुष्य, त्याला ते धरायचे कसे हे मातीच्या मूर्तीकडून शिकावे लागले असेल, असे मला तरी वाटत नाही. आपल्या काळातले उदाहरण लिंबारामचे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागात बांबूच्या धनुष्यावर त्याचा हात बसला होता. तरीही 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या चाचणीत निवड होऊन तो शिबिरात दाखल झाला, आणि नंतर 1988, 1992 व 1996 या तिन्ही ऑलिंपिकमध्ये खेळला. शिक्षक त्यालाही लागलेच.

आता अस्मादिकांची कथा. आमच्या घरात धनुष्य सोडाच, धड गलोलही नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि ओजसने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. ते पाहून माझ्यात जे संचारले ते संचारलेच. ओजस नागपूर सोडून सरावासाठी साताऱ्याला एका प्रशिक्षकाकडे येऊन राहिला होता, ही गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे वाचली नाही. पुढे कॉलेजात आल्यावर वडिलांकडून बारा हजार रुपये घेतले आणि खेळ सोडलेल्या एकाचे जुने धनुष्य विकत घेतले. छत्तीस पौंडांचे.

हे पौंड म्हणजे धनुष्य तराजूत टाकल्यावर भरते ते वजन नव्हे. दोरी पूर्ण ओढली की बोटांवर जो भार येतो, तो पौंडांत मोजतात. नवशिक्याला साधारण सोळा ते वीस-बावीस पौंड पुरतात. तेवढ्यात खांदा न उचलता, कोपर न थरथरता दोरी हनुवटीखाली आणून क्षणभर स्थिर धरता आली पाहिजे. छत्तीस पौंडांत मी पाठीने ओढायचे ते हाताने ओढत होतो, आणि हनुवटीपर्यंत दोरी पोचायच्या आतच ती निसटत होती. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला दोरीचे फटके बसून काळानिळा पट्टा उठला. आईने विचारले तर मी शूरासारखा हसलो. वास्तविक कोपर थोडे बाहेर वळवून धरले की तो फटका बसत नाही. पण हे सांगणार कोण?

घरामागच्या मोकळ्या जागेत पेंढ्याची पोती रचून मी वर्षभर सराव केला. बाण सतत डावीकडे जात. मी उजवीकडे नेम धरून त्यावर उपाय केला आणि स्वतःच्या बुद्धीवर खूष झालो. डावीकडे शेजाऱ्यांचा गोठा होता. एका संध्याकाळी दोरी बोटांतून अवेळी सुटली. थोड्या वेळाने शेजारच्या काकू बाण हातात घेऊन आल्या. ‘अरे, हे तुझंच ना? मेढीत रुतलं होतं,’ एवढेच त्या म्हणाल्या. धार काढायला त्या रोज त्याच मेढीला टेकून बसत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि सकाळी धनुष्य माळ्यावर टाकले.

माझे ‘नकोच’ हे उत्तर बदलले ते त्या मेढीमुळे. हौसेखातर चित्र वाईट काढले तर कागद फुकट जातो. बाणाचे तसे नाही. असले धनुष्य जरा वर रोखले तर बाण शंभर मीटरांच्याही पलीकडे जातो.

मग शिक्षक शोधणे आले. आपल्या कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी मला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची वाट दाखवली. तेथे जिल्हा संघटनेचा पत्ता आणि सराव कोठे चालतो हे कळले. हा रस्ता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मधल्या काळात उतावीळपणे मी एका उन्हाळी शिबिरातही जाऊन आलो. पहिल्याच दिवशी लक्ष्यावर बाण, दुसऱ्या दिवशी फोटो, बाराव्या दिवशी प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र सुंदर आहे.

माझे मत असे की, पैसे भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला नुसते बसावे. आधी कान शिट्टीकडे द्यावेत. दोन शिट्ट्या झाल्या की मुले रेषेवर येतात, एक झाली की बाण सुटतात, तीन झाल्यावरच ती बाण आणायला पुढे जातात, आणि लागोपाठ अनेक वाजल्या तर सर्व काही जागच्या जागी थांबते. जेथे काही मुले बाण उपसत असताना कोणी दोरी ओढतो, तेथून उठून यावे; प्रशिक्षकाच्या भिंतीवर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका टांगलेली असली तरीही. मग नवीन मूल काय करते ते पाहावे. चांगल्या ठिकाणी ते आधी रबरी पट्टी ओढते, नंतर तीन-चार मीटरांवरून कोऱ्या पोत्यावर बाण सोडते. लक्ष्याचा कागदच नसतो, त्यामुळे डोळा नेमात न गुंतता मन पाठीवर राहते. हे फार कंटाळवाणे असते. आणि पहिल्याच दिवशी धनुष्य विकत घ्यायला लावणाऱ्यापासून दूर राहावे. सुरुवातीला मैदानावरचेच वापरायला मिळते. ऐपत बेताची असेल तर बांबूच्या धनुष्याचा, तीस आणि पन्नास मीटरांचा ‘इंडियन राउंड’ आहेच.

मला जे सर भेटले त्यांनी माझे धनुष्य पाहिलेसुद्धा नाही. ‘दोन्ही हात पुढे कर, अंगठे आणि तर्जन्या जुळवून मध्ये लहान त्रिकोण ठेव, त्यातून ते समोरचे घड्याळ बघ,’ ते म्हणाले. पाहिले. ‘आता डावा डोळा मीट.’ मिटला, तर घड्याळ त्रिकोणातून नाहीसे! उजवा मिटला तर जागेवर. दोन डोळ्यांपैकी एक धनी असतो, आणि माझा धनी डावा निघाला. बाण उजव्या डोळ्याखाली आणि नेम डाव्या डोळ्याचा. मग तो डावीकडे जाणार नाही तर काय? वर्षभराचे कोडे एका मिनिटात सुटले. डावा डोळा मिटून खेळ किंवा हात बदल, असे दोन मार्ग सरांनी सांगितले. उजव्या हाताला इतक्या खोडी लागल्या होत्या की मी हात बदलला. त्या वर्षीची आंतरविद्यापीठ निवड चाचणी अर्थात हुकली.

नवशिक्याने शिकवणी लावावी का, याचे माझे उत्तर असे : पहिले तीन-चार महिने, अवश्य. पुढे आठवड्यातून एखाद्या वेळी कोणीतरी पाहणारे असले तरी चालते. प्रत्येक बाणानंतर मागे वळून सरांचा चेहरा पाहणारी मुलेही मी पाहिली आहेत. तीही एक सवयच. शेवटी रेषेवर एकट्यालाच उभे राहायचे असते, आणि तेवढ्यापुरता एकलव्य खरा.

जाता जाता त्याच्या अंगठ्याविषयी. आज आपण दोरी तीन बोटांनी ओढतो, एक बाणाच्या वर आणि दोन खाली. अंगठा दोरीला लागतच नाही. अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनीच बाण सोडू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, असे महाभारतच सांगते. आमच्या संस्कृतच्या सरांना हे वाक्य दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

परवा प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी माझे छत्तीस पौंडी धनुष्य विकत घ्यायला घरी आला होता. मी त्याला अंगणात उभे करून घड्याळ पाहायला लावले. धनी डोळा उजवा निघाला. धनुष्याची मूठ त्याला चालली असती. त्याने पैसेही काढले होते. धनुष्य अजून माळ्यावरच आहे. तो रविवारी सकाळी सात वाजता माझ्याबरोबर मैदानावर येणार आहे.