फ्यूजची तार : तिचें काम व तिची मर्यादा

वैशाखांत वाशीम-कारंज्याच्या बाजूस पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, कीं घरोघरीं पत्र्याचे कूलर बाहेर निघतात, वाळ्याच्या नव्या जाळ्या बसतात, आणि त्याच सुमारास फ्यूज जाण्याच्या तक्रारीहि सुरू होतात. ज्या जुन्या घरांत अद्याप चिनी मातीचे किटकॅट आहेत, तेथें अशा वेळीं काय करतात हें विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेलच. जुन्या वायरींतून चारदोन तारा उपसावयाच्या, त्यांना पीळ द्यावयाचा व किटकॅटांत गुंडाळावयाच्या, झालें काम! आम्हींहि एके वर्षीं असेंच केलें. त्याचा परिणाम पुढें सांगूं. तत्पूर्वीं फ्यूज म्हणजे काय याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला अशक्त दुवा होय. तारेंतून विद्युत्प्रवाह गेला म्हणजे ती तापते, व ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. भिंतींतील वायरचें आवरण जळण्यापूर्वीं ही बारीक तार वितळावी, एवढीच योजना. म्हणून फ्यूजचा आंकडा वायर किती प्रवाह सोसते यावरून ठरवावयाचा असतो. शिवाय ‘पांच अँपिअर’ याचा अर्थ सहा होतांच तार तुटेल असा नव्हे. किटकॅटमधील पांच अँपिअरची तार पांच अँपिअर सतत वाहूं शकते. ती वितळण्यास सुमारें दुप्पट प्रवाह लागतो.

कल्हई केलेल्या तांब्याची पांच अँपिअरची तार ०.२ मिलिमीटर जाडीची असते, पंधराची ०.५ व तिसाची ०.८५. आतां गंमत अशी, कीं ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरींत ज्या २४ बारीक तारा असतात, त्यांतील प्रत्येक ०.२ मिलिमीटरचीच असते. एक तार घेतली तर ती पांच अँपिअरची. सहांना पीळ दिला तर तिच्याहून कितीतरी अधिक प्रवाहाची! बोटांना फरक फारसा जाणवत नाहीं, पण पहाऱ्यावरचा माणूसच बदललेला असतो.

यंत्र किती प्रवाह घेतें हें काढणें सोपें आहे : वॅटला २३० व्होल्टनें भागावें. हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, दीड हजार वॅटचा पाणी तापविण्याचा रॉड ६.५; आणि दोनशे वॅटचा कूलर एक अँपिअरहि घेत नाहीं. मग कूलरनें पांचाचा फ्यूज दोनदां जाळला, तर तो भारामुळें खचित नव्हे. हा साधा भागाकार आम्हीं त्या दिवशीं केला असता, तर पुढचा प्रसंग टळला असता.

तिसऱ्या वेळीं आम्हीं सहा तारांचा पीळ घातला. फ्यूज टिकला, कूलर चालला, आणि आम्ही आपल्या चातुर्यावर खूष झालों. सायंकाळीं आमच्या मातोश्री कूलरांत पाणी ओतावयास गेल्या, तों पत्र्याला हात लागतांच बादलीसह मागें फेकल्या गेल्या. पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावलें.

झालें होतें असें. टाकींतील लहान पंपाचें आवरण खराब होऊन वीज पत्र्यावर आली होती. पत्रा अर्थिंगच्या तारेनें जमिनीस जोडलेला असल्यामुळें प्रवाह त्या वाटेनें जाई. या वाटेचा एकूण रोध १० ओहम धरला, तर २३ अँपिअर प्रवाह होतो. पांचाची तार त्यानें तत्काळ वितळते. ती दोनदां वितळली, म्हणजे तिनें आपलें काम चोख केलें होतें. सहा तारांचा पीळ मात्र २३ अँपिअरला वितळत नाहीं, आणि पत्रा विजेनें भारलेलाच राहतो.

याहून वाईट गोष्ट आमच्या काळ्या जमिनीची. उन्हाळ्यांत ती वाळून भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो. तो ६० ओहम झाला, तर प्रवाह चार अँपिअरहि होत नाहीं, आणि योग्य असलेला पांचाचा फ्यूजसुद्धां स्वस्थ बसतो! माणसाच्या हृदयास तर ३० मिलिअँपिअरच्या पलीकडचा प्रवाह क्षणापेक्षां अधिक काळ लाभला तरी धोका असतो. हें काम फ्यूजचें नव्हेच, व नव्या घरांतील साध्या एम.सी.बी.चेंहि नव्हे. त्यासाठीं ३० मिलिअँपिअरची गळती ओळखणारा निराळा खटका मिळतो. बाजारांत त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात.

दोष शोधतांना प्रथम प्लग काढून हातांत घ्यावा. केवळ बटण बंद करून भागत नाहीं. नंतर कूलरचीं बटणें चालू ठेवून, मल्टीमीटरनें प्लगची जाड पिन व उरलेल्या दोन पिना यांमधील रोध पाहावा. तेथें वाट मुळींच दिसतां कामा नये. आम्हांस ती दिसली. पंपाच्या तारा सोडवितांच नाहींशी झाली, व चोर सांपडला. इस्त्रीचें हिशेब निराळा : हजार वॅटच्या इस्त्रीच्या दोन बारीक पिनांमध्यें सुमारें ५३ ओहम दिसावेत, शून्याजवळ आल्यास आंत तारा भिडल्या आहेत, कांहींच न दाखविल्यास कोठें तरी तुटल्या आहेत. पंखा नुसता घुमतो व फिरत नाहीं, तेव्हां बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. मुख्य फ्यूज वा मीटरकडील काम मात्र वायरमनवर सोपवावें.

पंप नवा आला, किटकॅटांत पुनः एकेरी तार बसली आणि खटकाहि लागला. उन्हाळ्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत बादलीभर पाणी आतां मातोश्रीच आठवणीनें ओततात. आणि कूलर भरावयाचा झाला म्हणजे आधीं प्लग काढून आमच्या हातीं देतात.