जयपत्राची हाव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दरवर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी सात दिवस आमच्या संग्रामपूरच्या घरी गुरुचरित्राचं पारायण असतं. वडिलांपासून चालत आलेली ही सेवा. पण काही वर्षांपूर्वीच्या पारायणात माझ्याकडून जी चूक झाली, ती सांगितल्याशिवाय यंदाचा लेख मला लिहिता येणार नाही.

त्या वर्षी नातवाने पोथीसमोर मोबाईल उभा केला. "आबा, आपलं पारायण नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांलेही दिसीन," म्हणाला. हेतू चांगलाच होता. दुपारी नैवेद्य झाल्यावर तो आला, "आबा, दोनशे लाईक आले!" मी वरवर म्हटलं, "अरे, सेवा आहे ती, तिले काय लाईक?" पण दुसऱ्या दिवशी वाचताना माझा आवाज चढला होता. तिसऱ्या दिवशी अध्याय संपताच मीच विचारलं, "आज किती झाले?"

पुढे वाचता वाचता मी पंचविसाव्या अध्यायाशी आलो आणि थबकलो. २५ ते २७ या अध्यायांतली कथा आपणा सर्वांना माहीत आहे. दोन वेदविद्यासंपन्न ब्राह्मण गावोगाव फिरत. वाद घालायचा, समोरच्याला हरवायचं, नाहीतर त्याच्याकडून जयपत्र लिहून घ्यायचं, हा त्यांचा उद्योग. कुमसीला त्रिविक्रमभारतींकडे ते हेच मागायला आले. त्रिविक्रमभारतींनी त्यांना गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींपुढे नेलं. श्रीगुरूंनी आधी समजावून पाहिलं. वेद किती अफाट आहेत, भरद्वाज ऋषींना त्या डोंगरांतून तीन मुठीच कशा मिळाल्या, हे सांगितलं. तरी दोघांचा हट्ट एकच, वाद करा, नाहीतर जयपत्र द्या. तेव्हा महाराजांनी वाटेने जाणाऱ्या, समाजाने दूर ठेवलेल्या एका माणसाला बोलावलं. सात रेघा ओढल्या. एकेक रेघ ओलांडता ओलांडता त्याला मागचे जन्म आठवत गेले आणि सातव्या रेघेपलीकडे तो वेद बोलू लागला. मिरवणारे दोघे खाली मान घालून उभे राहिले.

या कथेत विद्या खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. त्या दोघांचा अभ्यास खराच होता. खोटी होती ती कागदाची भूक. दुसऱ्याने लिहून दिल्याशिवाय आपण मोठे आहोत असं त्यांना वाटेना. फेसबुकवर लाईकचं बटण २००९ साली आलं. जयपत्र मागणारे त्याच्या कितीतरी शतकं आधी पोथीत येऊन गेले आहेत. फरक एवढाच की त्यांना गावोगाव फिरावं लागे आणि आपल्याला खाटेवर पडल्या पडल्या जयपत्र मिळतं.

यात यंत्राचाही एक स्वभाव आहे. ज्या चित्राला लोक जास्त प्रतिसाद देतात, ते चित्र ते आणखी लोकांपुढे नेतं. मग माणूस हळूहळू तेच करू लागतो जे चालतं. शांत बसून केलेला जप चालत नाही, फुलांची आरास चालते. गुपचूप दिलेलं दान चालत नाही, देतानाचा हात चालतो. आपण देवाची सेवा करतो आहोत की पाहणाऱ्यांची, हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यातले तिघे मला आजच्या काळासाठी फार जवळचे वाटतात. पहिली पिंगला. नटूनथटून दारात उभी, हा येईल, तो येईल म्हणून अर्धी रात्र आत-बाहेर करणारी. आशा सोडली तेव्हाच तिला झोप लागली. पोस्ट टाकून दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडणारा मी तिच्याहून वेगळा होतो का? दुसरा बाण करणारा कारागीर. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याचं लक्ष बाणावरून हललं नाही. तिसरी ती कुमारी. पाहुणे आले, घरात तांदूळ नाहीत, म्हणून ती साळी कांडू लागली. बांगड्या वाजल्या तर घरची गरिबी पाहुण्यांना कळेल, म्हणून तिने एकेक उतरवली आणि हातात एकच ठेवली. झाकण्यासारखं काही असतं आणि ते झाकण्यात अब्रू असते, हे तिला कळत होतं.

मला ते कळलं नव्हतं. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. शेतं खरडून गेली, घरांत पाणी शिरलं. आम्ही काही मंडळींनी धान्य आणि ब्लँकेटं जमवली, वाटली. त्यात एक वयस्क बाई होत्या. मी ब्लँकेट पुढे केलं, कोणीतरी मोबाईल धरला. बाईंनी पदर तोंडावर ओढला. "देऊ नोका बावा एक डाव, पण फोटू नोका काढू," म्हणाल्या. आम्ही हसून नेलं. फोटो निघाला. संध्याकाळी मीच तो चार ग्रुपांवर टाकला. खूप हात जोडलेले आले, खूप फुलं आली.

पारायणात तो अध्याय वाचला आणि मला तो पदर आठवला. समाप्ती झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, चुकलं माझं. फोटो काढून टाकला मी." त्यांनी चहा टाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "माह्या पोरीच्या सासरी पोचला न बावा तो."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

आपल्या शेजारी शेगाव आहे. १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचताना. आज तसं चित्र मोबाईलवर आलं असतं, तर आपण थांबून पाहिलं असतं की बोटाने पुढे सरकवलं असतं? त्याच शेगावच्या संस्थानाचा कारभार शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशकं सेवाभावाने पाहिला. स्वच्छता, शिस्त, पाळीपाळीने येणारे सेवाधारी, या सगळ्याचं नाव देशभर झालं. भाऊ मात्र प्रसिद्धीपासून लांब राहिले. ४ ऑगस्ट २०२१ ला ते गेले. काम दिसावं आणि करणारा दिसू नये, हे आपल्याच मातीत झालेलं आहे.

मी मोबाईल टाकून द्या म्हणत नाही. परगावच्या लेकीला आरती दिसते, पुरात निरोप पोचतो, ही त्याची सोय आहे. पण आमच्या घरी आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. संकल्प सोडला की समाप्तीपर्यंत पोथीजवळ मोबाईल नाही. देताना घेणाऱ्याचा फोटो नाही, त्याने हो म्हटलं तरी नाही, कारण गरजेला नाही म्हणता येत नाही. आणि काही टाकण्याआधी स्वतःला एकदा विचारायचं, हे कोणी पाहणारच नसतं, तर मी केलं असतं का?

नातवाने गेल्या दत्तजयंतीला विचारलं, "आबा, यंदा लोकांले कसं कळीन पारायण झालं म्हणून?" मी म्हटलं, "ज्याले कळाले पाह्यजे, तो पोथीच्या पलीकडे बसला आहे."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.