चापांना काळा मसाला लावू नकोस

अगं, दीर अंगणात शेगडी मांडतोय आणि चापांचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, एवढंच ना? मग घाबरतेस कशाला? फक्त एक ऐक, आणि ते सासूबाईंपुढं बोलून दाखवू नकोस: त्यांच्या काळ्या मसाल्याच्या बरणीला हात लावायचा नाही. मसाला झकासच असणार, पण तो रश्श्याचा. आपल्या बीडकडं वर्षाच्या काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं असतं, तीळ असतात, कुणी तळलेला कांदाही घालतं. रश्श्यात त्याचंच तेल सुटतं आणि वर लालभडक तर्री येते. निखाऱ्यावर मात्र मांस शिजायच्या आधीच खोबरं करपतं नि कडवट होतं.

चापांना निराळा, कोरडा मसाला कर. अमेरिकेत मेम्फिस शहर अशा कोरड्या मसाल्याच्या बरगड्यांसाठी नावाजलेलं आहे. तिथं डुकराच्या बरगड्या नि पाप्रिका, आपल्याकडं बोकड नि ब्याडगी.

किलोभर चापांना बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या घे. ती रंगाला. झणक हवी तर लवंगी मिरच्या तीन-चार, जास्त नको, घरात लेकरं आहेत. दोन मोठे चमचे धने, एक जिरे, एक छोटा चमचा मिरे, चार लवंगा, बाद्यानाच्या दोन पाकळ्या, थोडी सुंठ. आणि दगडफूल चिमूटभर, पण ते हाताखालून घाल. हातावर चुरगाळून बघ, खालच्या काळ्या बाजूला झाडाच्या सालीचे कण नि रेती चिकटलेली असते. ती राहिली तर घासाघासाला दाताखाली कचकच येईल. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाज. दगडफूल शेवटी, नुसतं तव्याला लावून काढायचं. मिरच्या भाजताना खिडक्या उघड, नाहीतर ठसक्यानं अख्खी गल्ली दारात येईल. गार झाल्यावर मिक्सरला फिरव, जरा भरडच ठेव. पिठासारखा बारीक मसाला मांसाच्या पाण्यात लगेच चिखल होतो.

घरात येसर असेल तर त्यातलं चमचाभर मिसळ. भाजल्या धान्या-डाळीची ती पूड चापांचं पाणी ओढते, वर खरपूस पापुद्रा धरतो. मेम्फिसवाल्यांना काय ठाऊक येसर!

मीठ मसाल्यात घालूच नकोस. ते आदल्या रात्री नुसतं चोळायचं, किलोला दोन सपाट छोटे चमचे, नि चाप उघडेच फ्रीजमध्ये ठेवायचे. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारं पाणी आत मुरतं. सकाळी वरून कोरडे दिसतील, तेव्हा मसाला लाव. मीठ वेगळं ठेवलं की तिखट वाढवलं तरी खारट होत नाही.

खाटकाला मात्र आधीच बजाव, बरगड्यांचा पट्टा अखंड ठेवा म्हणून. त्यांचा हात सवयीनं चालतो, बोलेपर्यंत रश्श्याचे तुकडे पडलेले असतात. बरगडीच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा कोपऱ्यातून सुरीनं उचल आणि फडक्यात धरून ओढ, तो राहिला तर मसाला आत जात नाही.

निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत चाप ठेवू द्यायचे नाहीत, दीर कितीही घाई करो. निखारे एका बाजूला, चाप दुसऱ्या बाजूला, वर पातेलं पालथं. बोकड कोवळा असला तरी बरगडी सावकाशच मऊ होते. गुळाची पूड लावायची असेल तर अगदी शेवटी, दहा मिनिटं राहिली की भुरभुर. आधी लावलीस तर कोळसा होईल.

उरलेला मसाला काचेच्या बाटलीत भर. खोबरं नसल्यानं खवट वास धरत नाही, पण महिना-दोन महिन्यांत संपव. वांग्याच्या भरतावर टाकून बघ. आणि सासूबाईंनी विचारलं कसला मसाला, तर बाटलीच त्यांच्या हातात दे.