सुट्टीतील छंद आणि एका संगणकभाषेचा जन्म

परीक्षा संपते, वसतिगृहातील पेट्या भरल्या जातात आणि विद्यार्थी गावाकडे निघतात. सुट्टी म्हणजे अभ्यासाला रजा, असा आपला समज असतो. परंतु जगात नावाजलेली एक संगणकभाषा सुट्टीतील छंदातूनच जन्मास आली आहे.

1989 च्या डिसेंबरातील ही गोष्ट. गिडो व्हॅन रॉसम हे नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करीत होते. नाताळच्या सुट्टीत कार्यालय बंद असणार होते. घरी संगणक होता. मन गुंतवण्यासाठी त्यांनी नवी संगणकभाषा रचावयास घेतली. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेवरून तिला ‘पायथन’ हे नाव दिले. अजगराशी त्याचा संबंध नाही. फेब्रुवारी 1991 मध्ये ती भाषा सर्वांसाठी खुली झाली.

हे यश एका सुट्टीचे नव्हे. त्यापूर्वी त्यांनी ‘एबीसी’ या भाषेवर काम केले होते. ती शिकण्यास सोपी होती, पण तिच्यात नवी भर घालणे अवघड होते आणि तिचा फारसा प्रसार झाला नाही. तिच्यातील गुण त्यांनी घेतले, दोष टाळले. अपुऱ्या राहिलेल्या कामातूनही पुढील कामाची पुंजी जमते, हा यातील पहिला बोध. दुसरा बोध असा की, पायथन आजही विनामूल्य मिळते. ज्ञान वाटल्याने वाढते, हे दानाचे तत्त्व आपल्याला परके नाही.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. आपल्या किती विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आहे? अनेकांची सुट्टी शेतात किंवा आईवडिलांच्या कामात हातभार लावण्यात जाते. तरीही आरंभ कागदावर करता येतो.

धाकट्या भावंडाला 1 ते 100 मधील एक संख्या मनात धरावयास सांगावे. ‘ती 50 हून मोठी आहे का?’ असे विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर 51 ते 100, ‘नाही’ आले तर 1 ते 50 एवढ्याच संख्या उरतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करून तसेच विचारावे. सातव्या प्रश्नाअखेर संख्या सापडतेच; कारण 2 चा स्वतःशी सात वेळा गुणाकार केल्यास 128 येतात आणि ते 100 हून अधिक आहेत. सहा वेळा केल्यास मात्र 64 च येतात. आता या कृतीच्या पायऱ्या वहीत क्रमाने लिहाव्यात. ‘नाही’ या उत्तरानंतर 50 ही संख्या चुकून वगळली, तर ती कधीच सापडणार नाही. अशी चूक शोधणे हेच प्रोग्रामिंगचे मर्म होय.

भगवंतांनी कालामांना केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केला. लिहिलेली प्रत्येक पायरी करून पाहणारा विद्यार्थी तीच सवय अंगी बाणवतो.

पालकांनी ‘याचे गुण किती?’ असे विचारू नये. ‘हे कसे चालते, मला दाखव’ असे म्हणावे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या घरात वापराविना पडलेला चालू स्थितीतील संगणक सुट्टीपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पोहोचला, तर वहीतील पायऱ्या पडद्यावर उतरतील.