सर्व ऋतूंचा टायर आणि आपला पावसाळा

पोत्यावरील छाप पाहून माल घेणारा धान्याचा व्यापारी फार दिवस पेढी चालवू शकत नाही, हे आपल्या सभासदांस निराळे सांगावयास नको. पोत्यात परखी घालून आतला दाणा तळहातावर आल्यावाचून आम्ही भाव बोलत नाही. परंतु तोच व्यापारी टायर घेण्यास गेला म्हणजे कंपनीचे नाव आणि किंमत या दोनच गोष्टी विचारून परततो. वास्तविक पोत्यावर लिहिलेले नसते एवढे टायरच्या अंगावर लिहिलेले असते, आणि ते वाचण्यास फार विद्वत्ता लागत नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो. पण आमच्या पेढीच्या दोन पिकअप आणि घरची एक उंच मोटार यांचे टायर निवडताना हे वाचन आम्ही हळूहळू शिकलो. त्याचाच सारांश येथे देत आहोत.

हल्ली दुकानात मोठ्या मोटारींसाठी व हलक्या मालगाड्यांसाठी 'ऑल सीझन टूरिंग' या नावाचे टायर दाखविले जातात. 'टूरिंग' म्हणजे डांबरी रस्त्यावर लांबचा प्रवास शांतपणे, कमी आवाजात व कमी इंधनात व्हावा अशा बेताने केलेला टायर. चिखलखडकासाठी केलेल्या जाड गोट्यांच्या टायरहून तो निराळा. ज्याची गाडी वर्षाचे अकरा महिने पक्क्या रस्त्यावर असते त्याने केवळ रुबाबासाठी जाड गोट्यांचे टायर बसवू नयेत. ते गुणगुणतात, डिझेल अधिक खातात आणि ओल्या डांबरावर सहसा उशिरा थांबतात.

खरी गफलत 'ऑल सीझन' या शब्दांत आहे. हे नाव अमेरिकेतले. तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून पूर्वी लोक उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे असे टायरचे दोन संच बाळगीत. ही यातायात वाचावी म्हणून गुडइयर कंपनीने १९७७ साली 'टिएम्पो' नावाचा टायर काढला आणि सर्व ऋतूंसाठी एकच रेडियल टायर ही कल्पना तेथे रुजली. साध्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागते. सर्व ऋतूंच्या टायरचे रबर त्या थंडीतही काहीसे मऊ राहील असे बनवितात. त्याच्या अंगावर 'एम' आणि 'एस' ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. ही अक्षरे नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, बर्फावर चालवून पाहून नव्हे. बर्फावरील परीक्षा उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण असे निराळे चिन्ह असते. आता बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी येथे बर्फ पडत नाही. तेव्हा ज्या गुणासाठी हे नाव पडले तो गुण आपणास विकत घेण्याचे कारण नाही. आपले ऋतू दोन गोष्टींनी कठीण होतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हाने आणि मृगापासून पुढच्या पावसाने. आणि तिसरी गोष्ट आपण स्वतः घालतो, ती म्हणजे ओझे. या तिन्हींत टायर कसा उतरतो एवढेच पाहावयाचे.

ओझ्यापासून आरंभ करू. टायरवर मापाच्या पुढे एक दोन किंवा तीन आकडी संख्या आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ '१०५ एस'. ही संख्या म्हणजे किलो नव्हेत, तो भारांक आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०५ म्हणजे ९२५, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. हा भार एका टायरचा, आणि तोही पूर्ण हवा असताना. अक्षर वेगाचे: 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१०. आपणास एवढ्या वेगाने कोठे जावयाचे आहे, असे कोणी विचारील. परंतु वेगाचे अक्षर हे उष्णता सोसण्याचेही माप आहे, म्हणून गाडी बनविणाऱ्याने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये.

आता हिशेब पाहा. समजा, पिकअपचे रिकामे वजन १७०० किलो आहे आणि तीत पन्नास किलोंची तीस पोती चढविली. एकूण ३२०० किलो झाले. त्यांपैकी २१०० किलो मागच्या आखावर आले, तर मागच्या प्रत्येक चाकावर १०५० किलो पडतात. मोटारीसाठी केलेला २३५/७५ आर १५ मापाचा १०५ भारांकाचा टूरिंग टायर दिसावयास भरदार असतो. पण तो ९२५ किलोंचा. शिवाय असा मोटारीचा टायर हलक्या मालगाडीस लावला तर त्याचा भार १.१० ने भागून धरावा, असा अमेरिकेतील टायर-उद्योगाचा दंडक आहे. म्हणजे हाती सुमारे ८४० किलोच उरले. चाकामागे दोनशे किलो तूट! असा तोटा वहीत दिसला असता तर आपण रात्रभर झोपलो नसतो. मालगाडीसाठी मापापुढे 'सी' किंवा 'एलटी' ही अक्षरे असलेला टायरच घ्यावा. त्यावर १०६/१०४ असे दोन भारांक असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हासोबतचा क्रमांकही हेच सांगतो: मोटारीच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यापारी वाहनाच्या टायरसाठी आयएस १५६३६.

ओझे, ऊन आणि कमी हवा एकत्र आली म्हणजे काय होते याचा दाखला अमेरिकेतच घडला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर बाजारातून परत बोलाविले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड कंपनीच्या 'एक्स्प्लोरर' या उंच मोटारीवर होते. धावता धावता टायरची वरची नक्षीची पट्टी आतील तारांच्या थरापासून सुटून येई आणि उंच गाडी कोलमडे. तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याने या प्रकरणी नोंदलेल्या मृत्यूंची संख्या २७१ वर गेली. ते टायर टूरिंग जातीचे नव्हते, आणि त्यांच्या घडणीतही दोष होता. पण अपघात विशेषेकरून उष्ण अशा दक्षिणेकडील राज्यांत झाले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फोर्डने त्या गाडीस २६ पौंड हवा सांगितली होती, टायर कंपनी पुढे ३० म्हणू लागली. त्याच वर्षी तेथे टायरविषयक नवा कायदा झाला, आणि हवा कमी झाल्यास सूचना देणारा दिवा नव्या मोटारींस पुढे सक्तीचा झाला.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, आणि वाकण्याने रबर आतून तापते. ओल्या धान्याची थप्पी जशी बाहेरून गार लागते आणि मधले पोते काढावे तो हात भाजतो, तसेच हे आहे. बाहेरून काही कळत नाही. म्हणून हवा गाडी थंड असताना तपासावी, आणि आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीचा धरावा. टायरवर कोरलेला कमाल हवेचा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा सुमारे एक पौंड वाढते. दुपारी वाटेत थांबून तापलेल्या टायरमधली हवा काढणारे गाडीवान पुष्कळ आहेत. त्यांस प्रेमाने पण निक्षून मना करावे.

आता पाऊस. येथे दोन निराळ्या गोष्टींची लोक सरमिसळ करतात. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात वेग थोडा असतो. तेथे ओल्या डांबरास रबर किती चिकटून राहते हा प्रश्न. पुण्याच्या किंवा हुबळीच्या महामार्गावर वेग अधिक असतो. तेथे साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो की काय हा प्रश्न. तरंगण्याविषयी अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६३ साली विमानांच्या चाकांवरून एक साधे गणित मांडले: हवेच्या पौंडांचे वर्गमूळ घेऊन त्यास सुमारे १६.७ ने गुणले की ताशी किलोमीटरांत तो वेग येतो. २५ पौंडांस सुमारे ८३, ३६ पौंडांस १००. मोटारीस हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, नक्षी झिजलेली असली तर टायर याहून कमी वेगातही तरंगतो. पण हवेच्या अकरा पौंडांची किंमत त्यावरून कळते. नक्षीच्या चरांत तळाशी लहान उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी तेथवर झिजली की टायर कायद्याने संपला. परंतु जर्मनीतील एडीएसी हा मोटारधारकांचा संघ उन्हाळी टायर ३ आणि सर्व ऋतूंचे ४ मिलिमीटरांवरच बदला असे सांगतो, आणि आपल्या पावसात त्या सल्ल्यास अधिकच अर्थ आहे.

ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्यास होणारा विरोध आणि आवाज यांसंबंधी आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली नियम काढले. काही टायरांवर अमेरिकन पद्धतीची तीन मानांकनेही असतात. त्यांतील पकडीचे मानांकन फक्त सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेले असते, घाटातील वळणाचे त्यात काही नसते. झिजेचा आकडा टेक्सासमधील सॅन अँजेलो गावाभोवती सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर गाड्या चालवून, एका ठराविक टायरशी तुलना करून ठरवितात. पण तो टायरवर छापणारी कंपनीच असते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो पाहावा, दोन कंपन्यांत त्यावरून निवाडा करू नये. उष्णतेचे मानांकन ए, बी, सी असे आहे. आम्ही 'सी' घेत नाही.

किंमत शेवटी आणि किलोमीटरवर पाहावी. सात हजारांचा टायर चाळीस हजार किलोमीटर चालला तर साडेसतरा पैसे पडले. नऊ हजारांचा साठ हजार चालला तर पंधरा. घासाघीस करण्यापूर्वी हा भागाकार करावा, आणि आपल्या गाडीचे मागील संच किती चालले याची नोंद वहीत ठेवावी; दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा ती वही खरी.

टायर जुना नाही ना हेही पाहावे. लांबट चौकटीतील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एका दुकानात आम्हांस नवा म्हणून दाखविलेला टायर या अंकांवरून तीन वर्षांपूर्वीचा निघाला. आम्ही अंक वाचताच दुसरा संच वखारीतून आला. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी तो काढावा. आयुष्यभर पाठीमागे लटकलेली स्टेपनीही यास अपवाद नाही.

दोनच नवे टायर घ्यावयाचे असले तर ते पुढे बसवावेत अशी सर्वत्र समजूत आहे. ते मागे बसवावेत. पुढचे चाक घसरले तर गाडी सरळ पुढे रेटते आणि वेग कमी केल्यावर पुन्हा आटोक्यात येते. मागचे घसरले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात फिरण्यास जागा नसते. टायर बसविणारा मुलगा कुरकुर करील, पण आपण जवळ उभे राहून चाके बसवून घ्यावीत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.